पान पिवळं पडलं? खताची पुडी फोडण्याआधी कुंडीत बोट घाला

मनीप्लांटची दोन पानं पिवळी पडली की घरात लगेच ठरतं, झाडाला खत कमी पडतंय. मग चमचाभर युरिया, नाहीतर नर्सरीतून आणलेली दाणेदार खताची पुडी कुंडीत रिकामी होते आणि आठवड्याभरात आणखी चार पानं पिवळी पडतात. आपल्याकडे, म्हणजे संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत, कुंडीतलं पान पिवळं पडण्यामागे उपासमार हे कारण असतंही, पण फार मागच्या नंबरावर. आधी येतं पाणी आणि त्याच्या मागोमाग आपली चुनखडीची माती. या दोन्हींपैकी काही बिघडलं असेल तर मुळं अन्न उचलूच शकत नाहीत. अशा मुळांवर खताचा मारा केला की मातीतले क्षार वाढतात आणि उरलीसुरली मुळंही करपतात.

म्हणून सुरुवात पानापासून करायची. कोणतं पान आधी पिवळं पडलं, हे नीट बघा. नत्र (नायट्रोजन), मॅग्नेशियम आणि पालाश (पोटॅश) ही अन्नद्रव्यं झाड जुन्या पानांतून काढून नव्या पालवीकडे पाठवू शकतं. ती कमी पडली तर खालची, जुनी पानं आधी पिवळी पडतात. लोह तसं हलवता येत नाही. ते कमी पडलं तर जुनी पानं हिरवीगार राहतात आणि शेंड्याची कोवळी पानं पिवळी निघतात.

मग शिरा बघा. पान उजेडासमोर धरा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, आणि पान शेंड्याचं, तर लोह. तीच खूण खालच्या पानावर असेल तर मॅग्नेशियम. खालचं पान शिरांसकट एकसारखं फिकट झालं असेल आणि झाडाची वाढही थांबली असेल, तर नत्र. पानाच्या कडा नि टोकं करपून तपकिरी झाली असतील तर क्षार किंवा कोरडी हवा. पानावर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक पिवळे ठिपके असतील तर कीड. वरची-खालची पानं एकाच वेळी मऊ पडून पिवळी होत असतील आणि माती ओली असेल, तर मुळं सडायला लागली आहेत. बाकी काही शोधत बसू नका, आधी तिकडे वळा.

आणि एक, मनीप्लांटचं, रबराचं किंवा अरेका पामचं अगदी तळाचं एखादं पान महिन्या-दोन महिन्यांनी पिवळं पडून गळत असेल, तर ते म्हातारं झालेलं पान आहे. तिथं काहीही करायची गरज नाही.

पाणी: जास्तच झालेलं असतं

बऱ्याच गावांत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. पाणी आलं की ड्रम, टाक्या धुवायच्या आणि जुनं पाणी फेकण्यापेक्षा झाडांना ओतायचं, ही घराघरांतली रीत. पाणी वाया जात नाही हे खरंच, पण झाडाच्या बाजूनं बघा: एका दिवशी कुंडीत बादलीभर पाणी, आणि तेही गरज असो-नसो. स्नेक प्लांट आणि झेडझेड यांना तर हिवाळ्यात दोन-तीन आठवडे पाणी नसलं तरी चालतं. त्यांच्या कुंडीत दर आठवड्याला शिळं पाणी ओतलं की गड्डे आतून सडतात, आणि वरून कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. जुनं पाणी झाडांसाठी जरूर ठेवा, पण वेगळ्या ड्रमात साठवून गरजेप्रमाणे घाला.

गरज कशी ओळखायची? खराट्याची कोरडी काडी कुंडीच्या कडेनं तीन-चार इंच खोल खुपसा, पाच मिनिटं ठेवा आणि बाहेर काढा. काडी ओलसर, काळपट निघाली आणि तिला माती चिकटली असेल तर आज पाणी नाही. कोरडी आली तर घाला. मनीप्लांट, सिंगोनियम, ॲग्लोनिमा यांना काडीचा वरचा दीड-दोन इंच भाग कोरडा निघाला की पाणी द्यायचं. स्नेक प्लांट, झेडझेडला पूर्ण काडी कोरडी निघाल्यावरच. पीस लिलीला मात्र पूर्ण कोरडं पडू द्यायचं नाही. पानं जराशी मलूल दिसली की द्या.

घालाल तेव्हा पोटभर घाला. आठ इंची कुंडीला साधारण अर्धा ते पाऊण लिटर, दहा इंचीला एक-दीड लिटर, तेही दोन टप्प्यांत. तळाच्या छिद्रातून थोडं पाणी बाहेर आलंच पाहिजे. रोज पेलाभर शिंपडलं की वरचा थर ओला राहतो, खालची मुळं कोरडी पडतात आणि क्षार मात्र साठत जातात. खालच्या बशीत उतरलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका.

आता मातीकडे. आपल्याकडे कुंडी भरताना शेतातली काळी माती आणतात. शेताला ती चांगलीच, पण कुंडीत तिची अडचण होते. भिजली की फुगते, तिच्यातली हवा निघून जाते आणि मुळं गुदमरतात. वाळली की आकसते, कुंडीच्या भिंतीपासून सुटते, आणि त्या फटीतून पाणी सरळ खाली पळतं. वरून बघणाऱ्याला वाटतं की भरपूर पाणी झालं, बशीही भरली. आतला गोळा मात्र कोरडा ठणठणीत. ओलं आणि कोरडं, दोन्ही बाजूंनी पान पिवळंच पडतं.

कुंडीसाठी हे मिश्रण वापरा: चार भाग मुरमाड किंवा लाल माती, तीन भाग पूर्ण कुजलेलं गांडूळखत, दोन भाग कोकोपीट आणि एक भाग जाड वाळू, विटांचा चुरा किंवा परलाइट. काळ्या मातीशिवाय काही मिळतच नसेल तर ती चारऐवजी दोन भाग घ्या आणि तेवढीच जाड वाळू वाढवा. कोकोपीटची वीट भिजवून पाणी पिळून टाका, असं दोन-तीनदा करा. त्यात मीठ असतं. आठ-दहा इंची कुंडीला बोट शिरेल एवढी तीन-चार छिद्रं हवीत. त्यांवर खापरीचा एकेक तुकडा पालथा ठेवला की पुरे. तळाशी खडीचा जाड थर दिल्यानं निचरा वाढत नाही. उलट मातीची उंची कमी होते आणि ओल मुळांच्या आणखी जवळ येते.

नर्सरीतून आणलेल्या झाडाचं वेगळं दुखणं असतं. आंध्र प्रदेशातल्या कडियमच्या नर्सऱ्यांतून देशभर झाडं जातात. अशी बरीच झाडं चिकट लाल मातीच्या घट्ट गोळ्यात येतात. तो गोळा तसाच आपल्या मातीत बसवला तर दोन्ही मातींचं पाणी धरणं वेगवेगळं असतं. बाहेरची माती ओली असूनही गोळा कोरडा राहतो, किंवा उलट. झाड आणल्यावर दोन आठवडे सावलीत तसंच राहू द्या. या काळात चार पानं पिवळी पडली तर घाबरू नका, जागा बदलल्याचा तो परिणाम आहे. मग कुंडी बदलताना गोळा बादलीत भिजवून बाहेरची एक-तृतीयांश माती हलक्या हातानं सोडवा आणि नवीन मिश्रणात लावा.

मुळं सडली असतील तर

झाड कुंडीतून काढा. निरोगी मुळं पांढरी किंवा मळकट पांढरी आणि टणक असतात. सडलेलं मूळ तपकिरी, लिबलिबीत. चिमटीत धरून ओढलं की वरची साल सुटून हातात येते आणि आतला दोरा मागे राहतो. वासही कुजका येतो. मुळं पाण्यात धुवा, सडलेला भाग कडक, स्वच्छ भागापर्यंत कात्रीनं कापा. कात्री स्पिरिटनं पुसत राहा. मग कॉपर ऑक्सिक्लोराइड 3 ग्रॅम एक लिटर पाण्यात मिसळून मुळं दहा मिनिटं बुडवा. हातमोजे घाला. ट्रायकोडर्मा, म्हणजे मुळं सडवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, वापरायचं असेल तर हे बुरशीनाशक घालू नका. दोन्ही एकत्र दिली तर तांबं ट्रायकोडर्मालाच मारतं.

मुळं जेवढी कापली, तेवढाच वरचा पालाही छाटा. नवी कुंडी उरलेल्या मुळांच्या पसाऱ्यापेक्षा फक्त इंच-दोन इंच मोठी घ्या. मोठ्या कुंडीत जास्त माती, म्हणजे जास्त ओल, आणि सड पुन्हा सुरू. आठ-दहा दिवस उजेडाच्या पण उन्हाबाहेरच्या जागी ठेवा, आणि नवी पालवी फुटेपर्यंत खताचं नाव काढू नका.

शेंडा पिवळा, शिरा हिरव्या: हे आपल्या मातीचं दुखणं

श्रावणात झड लागली की सोयाबीनचा शेंडा कसा पिवळा पडतो, ते मराठवाड्यात सगळ्यांनी पाहिलेलं आहे. कुंडीतल्या जास्वंद, मोगरा, गुलाब, लिंबू, कढीपत्त्यावर तेच घडतं, फक्त बाराही महिने. मातीत लोह भरपूर असतं, पण सामू (पीएच) आठच्या आसपास आणि चुनखडीचं प्रमाण जास्त असल्यामुळे ते न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडतं. त्यावर बोअरचं पाणी. त्यातल्या बायकार्बोनेटमुळे सामू चढाच राहतो आणि मुळाला लोह घेणं आणखी अवघड होतं. गांडूळखत टाका, शेणखत टाका, शेंडा पिवळाच.

खात्री करायला वाळलेल्या मातीचं एक ढेकूळ वाटीत घ्या आणि त्यावर व्हिनेगरचे दहा-बारा थेंब टाका. कान जवळ नेला की बारीक चरचर ऐकू येते आणि बुडबुडे दिसतात. बुडबुडे आले तर मातीत मुक्त चुना आहे. अशा मातीत अंड्याची टरफलं, चुना, चुलीतली राख यांपैकी काहीही टाकू नका. राखेनं सामू आणखी वाढतो. या गोष्टी कोकणातल्या आम्ल मातीला मदत करतील, पण आपल्याकडे त्यांनी नुकसानच होतं, मग यूट्यूबवर कोणी कितीही सांगो.

लगेच फरक पडायला फवारणी. एक लिटर पाण्यात आधी 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूफूल, विरघळवा. मग 2 ग्रॅम फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, घाला. क्रम महत्त्वाचा आहे. हिराकस थेट बोअरच्या पाण्यात टाकलं तर फिकट हिरवं पाणी थोड्याच वेळात गंजासारखं तांबूस होतं आणि तळाशी गाळ बसतो. त्या गाळातलं लोह झाडाच्या उपयोगाचं राहिलेलं नसतं, ते द्रावण ओतून द्या. ताजं द्रावण ऊन उतरल्यावर कोवळ्या पानांवर, वरून नि खालून, बारीक फवाऱ्यानं मारा. आठ-दहा दिवसांच्या अंतरानं तीनदा. फरशीवर, भिंतीवर तांबडे डाग पडतात, तेव्हा कुंडी आधी बाजूला घ्या.

कृषी सेवा केंद्रात मिळणारं चिलेटेड लोह, म्हणजे विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रसायनानं पकडून ठेवलेलं लोह, यापेक्षा सोयीचं, पण पुडीवर काय लिहिलंय ते वाचा. 12 टक्के लोहाचं ईडीटीए पिवळसर असतं. ते लिटरला अर्धा ते एक ग्रॅम घेऊन फवारायला चांगलं. चुनखडीच्या मातीत मात्र ते टिकत नाही, लोह सोडून देतं आणि कॅल्शियम पकडतं. मातीतून द्यायचं तर 6 टक्के लोहाचं ईडीडीएचए मागा. ते पाण्यात गडद लाल होतं. दहा-बारा इंची कुंडीला 2 ग्रॅम, लिटरभर पाण्यात, ओल्या मातीत. महाग आहे, पण लागतंही थोडंच.

आणि पाणी सुधारा, नाहीतर दर दोन महिन्यांनी पुन्हा तेच. पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम. जून ते सप्टेंबर पन्हाळीखाली ड्रम ठेवा, झाकण घाला. एसीचं ठिबकणारं पाणीही चालतं. बोअरच्या पाण्याशिवाय पर्याय नसेल तर 10 लिटरला 2 ते 3 ग्रॅम लिंबूफूल, म्हणजे चहाचा अर्धा चमचा, मिसळून घाला. चुना फार असेल तर दरवर्षी माती बदलणं हाच खरा उपाय. गंधक टाकून एवढा चुना संपत नाही.

उन्हाळा: कूलर, गच्ची आणि लाल कोळी

एप्रिल-मेमध्ये बाहेर 42-43 अंश आणि खोलीत दिवसभर कूलर. कूलरच्या खोलीतली हवा दमट आणि गार असते, त्यामुळे तिथल्या कुंडीतली ओल वाटते तितकी लवकर सुकत नाही. उन्हाळा आहे म्हणून रोज पाणी घातलं जातं आणि ऐन मेमध्ये मनीप्लांटची मुळं सडतात. इथंही काडीवरच विश्वास ठेवा. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडांना अजिबात घालू नका. त्यातलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि रोज भर घालून ते दाट होत जातात. टाकीच्या बुडाशी नि ताट्यांवर बसलेली पांढरी पापडी म्हणजे तेच क्षार. आरओ फिल्टरच्या बाहेर जाणाऱ्या नळीतलं पाणीही याच जातीचं.

अशा क्षारांनी अरेका पाम आणि पीस लिलीची टोकं करपली असतील, मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसत असेल, तर वरची अर्धा इंच माती खरवडून काढा. मग कुंडीत जेवढी माती मावते त्याच्या दोन-तीन पट गोडं पाणी सावकाश घालून खालून वाहू द्या. आठ इंची कुंडीला साधारण 10 लिटर. तीन-चार महिन्यांतून एकदा हे करा.

गच्चीवरच्या कुंड्या स्लॅबवर थेट ठेवू नका. तापलेल्या स्लॅबनं तळाची मुळं शिजतात. खाली दोन विटा द्या, वर 50 टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा आणि काळी प्लॅस्टिकची कुंडी असेल तर पोतं गुंडाळा. पाणी सकाळी सातच्या आत. दुपारी पाइप सोडला तर पहिलं पाणी हाताला चटका बसेल इतकं गरम येतं.

याच कोरड्या दिवसांत लाल कोळी येतो. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. पडलेले ठिपके चालू लागले तर तो कोळी. तीन दिवस लागोपाठ पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा. मग 5 मिली निंबोळी तेल आणि 1 मिली भांड्यांचा लिक्विड साबण एक लिटर पाण्यात घुसळून संध्याकाळी फवारा. पाच-सहा दिवसांनी पुन्हा, आणि पुन्हा. पाण्यात मिसळणारं गंधक या किडीवर चांगलं चालतं, पण पस्तीसच्या वर तापमान असताना त्यानं पानं भाजतात. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मारू नका. त्यानं कोळी मरत नाही, कित्येकदा वाढतोच. पिठ्या ढेकूण असेल तर कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून एकेक पुसून काढा, वर तेच निंबोळी तेल.

पानं पिवळी, झाड हलवलं तर सैल लागतं आणि मुळं कुरतडलेली, असं दिसलं तर माती उकरा. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी म्हणजे हुमणी. कच्च्या शेणखतातून येते. हातानं वेचून काढा, माती बदला आणि पुढच्या वेळी शेणखत भुगा होईपर्यंत कुजलेलं, वास नसलेलंच घ्या.

आणि खरंच उपाशी असेल तर

काडी ठीक सांगते, मुळं पांढरी आहेत, कीड नाही, माती वर्ष-दीड वर्ष जुनी आहे आणि खालची पानं एकसारखी फिकट पडताहेत. आता खत द्या. आठ इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत वरच्या मातीत मिसळा आणि 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरला 1 ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा, ओल्या मातीत. कोरड्या मातीत खत दिलं की मुळं करपतात. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे पारा खूप उतरतो, झाडांची वाढ थांबते, तेव्हा खत बंद आणि पाणी निम्मं. खालच्या पानांत शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम सल्फेट लिटरला 2 ग्रॅम फवारा, दोन वेळा.

एका वेळी एकच बदल करा आणि दोन-तीन आठवडे थांबा. पूर्ण पिवळं पडलेलं जुनं पान परत हिरवं होत नाही, ते देठापासून काढून टाका. उपाय लागू पडला की नाही, हे नव्या पानावरून ठरवा. लोहाच्या फवारणीनंतर मात्र कोवळं पान पंधरा दिवसांत ठिपक्याठिपक्यांनी हिरवं होताना दिसतं.

घरात कुंड्या बऱ्याच असतील आणि सगळ्याच पिवळ्या पडत असतील, तर अंदाज बांधत बसू नका. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ किंवा जवळचं कृषी विज्ञान केंद्र इथं माती-पाणी तपासणीची चौकशी करा. चार-पाच कुंड्यांतून खोलवरची माती मिळून अर्धा किलो घ्या, सावलीत सुकवा, कापडी पिशवीत भरा. पाण्यासाठी बोअर पाच मिनिटं चालू ठेवून, त्याच पाण्यानं विसळलेली लिटरची बाटली गच्च भरा. अहवालात मातीचा सामू, मुक्त चुना आणि पाण्याची क्षारता हे तीन आकडे बघा. मुक्त चुना दहा टक्क्यांच्या वर असेल तर त्या मातीत गुलाब, मोगरा लावू नका. पाण्याची क्षारता (अहवालात ईसी) दीड डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर असेल तर ते पाणी पावसाच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळूनच घाला.